कपातीची कात्री आणि कामगार संघटना



वसंतातल्या व्याख्यानमालेत वक्त्याने काव्यावर बोलावे, संतांवर बोलावे, निदान इतिहासावर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. संयोजकांनी मला दिलेला विषय मात्र रुक्ष आहे. आंब्याच्या दिवसांत जमाखर्चाची वही उघडून बसण्यासारखाच हा प्रकार. तरीही मी तो आनंदाने स्वीकारला, कारण सरकारच्या वहीत जेव्हा खर्चाच्या रकमेवर काट मारली जाते, तेव्हा ती रेघ शेवटी आपल्याच गावातल्या कोणाच्या तरी अंगावरून जाते. ती कोणाच्या अंगावरून जाते आणि अशा वेळी कामगार संघटनांनी काय करावे, एवढाच आज माझा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी सदतीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. संघटनेची वर्गणी भरली, संपात उतरलो, आणि आज निवृत्तिवेतनावर सुखाने जगतो आहे. तेव्हा मी तटस्थ माणूस आहे असे कोणी समजू नये. मी संघटनेच्या बाजूचा माणूस आहे. म्हणूनच संघटनेला चार शब्द कडक बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

प्रथम दोन शब्दांतला फरक पाहू. काटकसर आणि कपात हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. काटकसर म्हणजे जो खर्च नसला तरी चालते तो टाळणे. कपात म्हणजे जो खर्च व्हायलाच हवा, तो स्वतः न करता दुसऱ्याच्या गळ्यात घालणे. आपल्या घरांतलेच उदाहरण घ्या. महिन्याच्या अखेरीस डब्यात तांदूळ कमी असले की घरातली आई म्हणते, “मला आज भूक नाही.” बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, घर किती काटकसरीने चालले आहे! वास्तविक तेथे काटकसर झालेली नसते. एका माणसाच्या ताटातून कपात झालेली असते, आणि ते माणूस बोलत नाही म्हणून ती कोणाला दिसत नाही.

सरकारचेही असेच आहे. करोनाच्या साथीत राज्याचे उत्पन्न आटले, तेव्हा 4 मे 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने एक आदेश काढला. विकासाच्या योजनांवर ठरलेल्या रकमेपैकी 33 टक्केच खर्च करायचा आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवी भरती करायची नाही. संकट खरे होते. त्या वेळी हात आखडता घेणे समजण्यासारखे होते. पण असा उघड, लेखी आदेश हा अपवाद. एरवी कपातीला दवंडी नसते. निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली जात नाही. दुरुस्तीचे काम पुढच्या वर्षावर जाते. महागाई भत्त्याचा हप्ता लांबतो. कायम नोकराच्या जागी कंत्राटी माणूस येतो. रुग्णालयाची इमारत उभी असते, पाटी असते, फक्त आत डॉक्टर नसतो. ही सारी कपातच होय. मात्र तिला कपात असे कोणी म्हणत नाही.

आता संघटना. आपल्याकडे ही कल्पना परदेशातून आयती आली असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आठवावे. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले, आणि 1890 मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी दुपारी निवांत वामकुक्षी करतो, तिच्यामागे त्या माणसाचे कष्ट आहेत. दुसरे नाव आपल्या कोकणातलेच. नारायण मल्हार जोशी हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1926 चा कामगार संघटनांचा कायदा त्यानंतर आला.

या पहिल्या पिढीची लढाई गिरणीमालकाशी होती. मालक नफा घेतो, त्यातला वाटा कामगार मागतो. हिशेब सरळ होता. मालक जेव्हा सरकार असते, तेव्हा हिशेब अवघड होतो. 1931 साली जगभर मंदी पसरली. हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकरांच्या पगारात 10 टक्के कपात केली, आणि रेल्वेत माणसे कमी करण्याचा सपाटा सुरू झाला. त्याच वर्षी खुद्द इंग्लंडात सरकारने पगार आणि बेकारभत्ता कापला. तेथे मजूर पक्षाचे सरकार याच प्रश्नावर फुटले, कारण बेकाराच्या भत्त्याला हात लावण्यास कामगार संघटनांनी संमती दिली नाही. सप्टेंबरमध्ये इन्व्हरगॉर्डन येथे आरमाराच्या खलाशांनी काम बंद ठेवले. त्यांचा रोष कपात झाली एवढ्यापुरता नव्हता. वरच्या अधिकाऱ्याचा पगार थोड्या प्रमाणात कापला होता आणि कित्येक साध्या खलाशांचा त्याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणात. म्हणजे कपात किती, यापेक्षा कपातीची वाटणी कशी, हा प्रश्न माणसाला अधिक झोंबतो.

हे आपल्याकडेही एकदा नीट झाले होते. मार्च 2020 च्या पगाराच्या वेळी महाराष्ट्र सरकारने लोकप्रतिनिधींचे 60 टक्के, पहिल्या दोन वर्गांचे 50 टक्के आणि तिसऱ्या वर्गाचे 25 टक्के वेतन मागे ठेवण्याचे ठरवले. चतुर्थ श्रेणीला हात लावला नाही. पुढे ही रक्कम कापायची नसून दुसऱ्या टप्प्यात द्यायची आहे असा खुलासा झाला. पण तत्त्व योग्य होते: ज्याच्या ताटात अधिक, त्याने अधिक सोडावे. सरकारने हे तत्त्व पाळावे म्हणून त्याच्या मानेवर बसणे हे संघटनेचे पहिले काम.

आता मी अधिक अवघड भागाकडे येतो. गिरणी बंद पडली की मालकाचा नफा बुडतो. सरकारी कचेरी बंद पडली की कोणाचे बुडते? मंत्र्याचे नाही. खिडकीपाशी आलेल्या माणसाचे बुडते.

14 डिसेंबर 1977 रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांचा संप सुरू झाला. र. ग. कर्णिक आमचे नेते होते. केंद्राच्या नोकराला मिळतो त्या दराने महागाई भत्ता मिळावा, ही मागणी. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, बावीस वर्षांचा कारकून. संप 54 दिवस चालला. दोन पगार गेले. वाण्याने उधार दिले म्हणून चूल पेटली. फेब्रुवारीत संप मिटला तेव्हा हातात फारसे काही नव्हते. पुढे 1978 मध्येच सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने मागणी मान्य केली. तो भत्ता मी पुढे जन्मभर घेतला. त्या 54 दिवसांचा मला अभिमान आहे.

परंतु एक दृश्य मी विसरलेलो नाही. संपाच्या दुसऱ्या महिन्यात आम्ही कचेरीच्या फाटकाशी बसलो होतो. वरच्या गावातली एक म्हातारी पहाटे निघून, अर्धी वाट चालत, आपल्या मयत नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाची चौकशी करायला आली. आम्ही तिला सांगितले, “आजी, संप आहे.” तिने विचारले, “कोणाचा?” मी म्हणालो, “आमचा.” ती म्हणाली, “मग माझे पैसे कशाला अडवलेत?” घोषणा आम्हाला शंभर पाठ होत्या. या प्रश्नाला उत्तर एकही नव्हते. तिला पैसे पुढे मिळाले असतील. पण त्या महिन्यांत तिने काय खाल्ले, हे आमच्या संघटनेच्या एकाही ठरावात आलेले मला आठवत नाही.

हे मी का सांगतो? कारण पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने तोच प्रश्न आपल्या चिपळूणच्या एस. टी. स्थानकावर उभा राहिला, आणि या वेळी खिडकीच्या बाहेर मी होतो.

22 जुलै 2021 चा महापूर येथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिला आहे. वाशिष्ठी आणि शिवनदी एक झाल्या, बाजारपेठ बुडाली, आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तके भिजली. एस. टी. चे आगार पाण्याखाली गेले. त्या दिवशी आगारातले अधिकारी नऊ लाखांच्या आसपासची जमा रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर सुमारे नऊ तास बसून राहिले. पैसे त्यांच्या स्वतःच्या घरचे नव्हते, ते महामंडळाचे होते. म्हणजे तुमच्या-आमच्या तिकिटाचे होते.

याच महामंडळाच्या कामगारांचे पगार त्या काळात महिनोन्‌महिने थकत होते. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून या गाडीने महाराष्ट्र जोडला. आणि त्या गाडीचा चालक उसनवारीवर घर चालवत होता. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस असंतोष फुटला. 28 संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळताच आंदोलन मागे घेतले. कामगारांनी मात्र ते मागे घेतले नाही. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी धरून ते बसले. आंध्र प्रदेशात 1 जानेवारी 2020 पासून तेथील परिवहन कर्मचारी सरकारी सेवेत गेले होते. तेव्हा ही मागणी हवेतून आलेली नव्हती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली 250 आगारे बंद पडली.

24 नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना 5,000 रुपये, वीसपर्यंत 4,000 आणि त्यापुढे 2,500. काही परतले, बहुसंख्य परतले नाहीत. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला. अखेर एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर येण्याची मुदत दिली, आलेल्यांवर बडतर्फीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि संप संपला. साडेपाच महिने गेले. अनेक कामगारांनी आत्महत्या केल्या. विलीनीकरण झाले नाही.

आणि खिडकीच्या बाहेर काय झाले? करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. कुंभार्लीच्या पायथ्याच्या आणि दसपटीच्या वाड्यांतून मुलगी शाळेत यायची ती एस. टी. च्या पासावर. गाडी बंद झाल्यावर वडापला रोज पैसे मोजणे ज्यांना परवडले, त्यांची मुले आली. ज्यांना परवडले नाही, त्यांची मुले चालली किंवा घरी राहिली. आणि घरी कोणाला ठेवायचे हे ठरवण्याची पाळी आली की आपल्याकडे मुलीला ठेवतात, हे मी आपणांस सांगायला नको. माझ्या भाचीची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिची धावपळ पाहून मी संपकऱ्यांवर चिडलो, नको ते बोललो. नंतर मला ती म्हातारी आठवली, आणि मी गप्प झालो.

या संपातून मी काय शिकलो ते सांगतो. तेथे नुसता कामगार हरला नाही. संघटना ही संस्थाच हरली. संघटनांनी समेट केला आणि त्यांच्याच सभासदांनी तो झिडकारला. असे का व्हावे? कारण वर्षानुवर्षे संघटना वेतनकराराच्या टेबलावर बसत राहिल्या. पण महामंडळ का खंगते आहे, हे त्यांनी ना सभासदाला समजेल असे सांगितले, ना प्रवाशाला. महामंडळाचा साचलेला तोटा बारा हजार कोटींच्या घरात गेला होता. त्याच वेळी एस. टी. च्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारजमा होत होता. खेड्यातला गरीब माणूस ज्या गाडीने जातो, तिच्यावर हा कर; आणि मग तीच गाडी तोट्यात आहे म्हणून फेरी बंद! हा हिशेब गावोगावच्या पारावर मांडला गेला असता, तर प्रवासी कामगाराच्या शेजारी येऊन उभा राहिला असता. संपाच्या तोंडावर, 26 ऑक्टोबर 2021 ला, भाडे 17.17 टक्क्यांनी वाढले. जानेवारी 2025 मध्ये ते पुन्हा 14.95 टक्क्यांनी वाढले. म्हणजे चालक आणि प्रवासी दोघांच्याही ताटातून एकाच वेळी काढले जात होते, आणि दोघांना मात्र वाटत होते की समोरचाच आपले खातो आहे.

कोणी म्हणेल, “हे सारे ठीक, पण सरकारने पैसे आणायचे कोठून?” आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे संघटनेला शोभत नाही. राज्याच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या नोकरांना राज्याने जुने निवृत्तिवेतन नाकारले, ते याच कारणाने. एकाच टेबलाशी बसणारे दोन कारकून; एकाला म्हातारपणी ठरलेली रक्कम, दुसऱ्याला बाजार देईल ती. त्याविरुद्ध 14 ते 20 मार्च 2023 असा सात दिवस संप झाला. सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी त्यात होते असे सांगितले गेले. समिती बसली, वाटाघाटी झाल्या, आणि 2024 मध्ये शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन देण्याच्या सुधारित योजनेपर्यंत सरकार आले. सात दिवसांत मिटले, संघटना एकत्र राहिली, माणसाचा जीव गेला नाही. या शहाणपणाबद्दल मी त्या नेत्यांचे अभिनंदन करतो.

तरीही माझे समाधान होत नाही. त्या सात दिवसांत जो एक वर्ग मागण्यांच्या कडेलाच राहिला, त्याचे काय? कायम नोकराची जागा रिकामी ठेवायची आणि तेच काम कंत्राटी माणसाकडून थोडक्या पैशांत करून घ्यायचे, ही आजची खरी कपात आहे. आपल्या वाडीत येणारी आशा सेविका पाहा, अंगणवाडीतली बाई पाहा. त्यांना मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द किती गोड! मान द्यायचा आणि धन वाचवायचे. घरात “मला भूक नाही” म्हणणारी आई मी मघाशी सांगितली. सरकारच्या घरातली ती आई हीच. जून 2021 मध्ये सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला, तेव्हा कोठे मानधनात हजार रुपयांची आणि करोनाच्या कामासाठी पाचशेची वाढ मिळाली. डिसेंबर 2023 मध्ये अंगणवाडीच्या बायका संपावर गेल्या, त्या जानेवारीपर्यंत. त्यांच्या मोर्चात कायम नोकरांचे किती झेंडे होते? हा प्रश्न मी माझ्याच संघटनेला विचारतो.

कंत्राटी भरतीचा सप्टेंबर 2023 चा शासन आदेश सरकारला ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, कारण विद्यार्थी, कर्मचारी आणि विरोधक सारेच एका सुरात बोलले. नोकरीत असलेला आणि नोकरी शोधणारा एकत्र आले की काय होते, त्याचे हे ताजे उदाहरण आहे.

तेव्हा कपातीच्या काळात संघटनेने काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, वही मागावी. किती जागा रिकाम्या, कोणती फेरी बंद, दुरुस्तीचे पैसे कोठे गेले, याचा हिशेब तालुक्याच्या पातळीवर काढून तो चौकात लावावा. सरकारी खात्याचे आतले दुखणे तेथल्या कामगाराइतके कोणालाच माहीत नसते. ते त्याने स्वतःच्या पगारापुरते न वापरता सर्वांसाठी वापरावे. दुसरी, मागण्यांच्या यादीत पहिली मागणी सर्वांत खालच्या माणसाची असावी. सफाई कामगाराची, आशाची, कंत्राटी चालकाची. तिसरी, लढताना खिडकीबाहेरच्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये. संपाचा हक्क मी सोडायला सांगत नाही. 2003 मध्ये तामिळनाडूत लाखाहून अधिक कर्मचारी एका फटक्यात बडतर्फ झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, नैतिक हक्कही नाही, असे म्हटले. कायदा इतका प्रतिकूल असता संघटनेला खरा आधार एकच उरतो, तो लोकांचा. दवाखाना, पाणी, विधवेचे निवृत्तिवेतन, परीक्षेच्या दिवसाची गाडी, एवढे तरी चालू ठेवून लढा देता येतो. आम्ही 1977 मध्ये फाटकाशी एक टेबल मांडून म्हातारीचा अर्ज लिहून घेतला असता, तरी आमचा संप कमकुवत झाला नसता.

आणि श्रोतेहो, एक गोष्ट आपल्यासाठी. संप झाला की आपण नागरिक चिडतो. तो आपला हक्क आहे. पण फेरी बंद झाली, शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी राहिली, तेव्हा आपण चिडतो का? संपाने गाडी साडेपाच महिने बंद राहिली तर वर्तमानपत्रांत मथळे येतात. कपातीने ती कायमची बंद झाली तर थांब्यावरची पाटीसुद्धा कोणी काढत नाही. आता 75 वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. चांगलेच आहे. पण सवलतीचे तिकीट हातात आहे आणि गाडीच नाही, असे होऊ नये, याची चौकशी आपल्यालाच करावी लागेल.

पुराच्या दिवशी बसच्या टपावर बसलेल्यांना कोणी विचारले नव्हते, की तुम्ही कोणत्या संघटनेचे, तुमचा पगार किती थकला आहे. त्यांनी आपले पैसे सांभाळले. त्यांचा पगार कापला जाताना किंवा आपली फेरी बंद होताना आपण एकमेकांकडे कसे पाहतो, यावर यापुढे पुष्कळ काही अवलंबून आहे. उद्या सकाळी येथल्या स्थानकावर गेलात, तर चौकशीच्या खिडकीशी जाऊन एवढेच विचारा: आमच्या बाजूच्या फेऱ्या पूर्वी किती होत्या आणि आता किती? खिडकीच्या आतला माणूस उत्तर देताना बहुधा आवाज खाली आणील. तेथे थोडे थांबा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्या.